पुंडलिकरावांनी बाद केलेलं आकाश

पुंडलिकराव गभणे जेवायला बसले की घरातली माणसं आधी त्यांच्या हाताकडे बघायची. पोळी उचलून ते ती खिडकीच्या उजेडात जराशी तिरकी धरायचे आणि डोळा बारीक करून या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर फिरवायचे. कुठे काळा ठिपका दिसला की पोळी बाजूला. बोलायचे काही नाहीत. त्यांची बायको राधाबाई ती बाजूची पोळी मुकाट्यानं आपल्या ताटात घ्यायच्या. असं एकतीस वर्षं चाललं. राधाबाईंच्या शेवटच्या दिवशी, नवऱ्यानं आपल्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून त्या पलंगावरून बघत होत्या, तेव्हा पुंडलिकराव नर्सला चादरीवरचा औषधाचा डाग दाखवत होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, गीतांजलीनं, हे उशाशी उभं राहून पाहिलं होतं. आणि गीतांजली विसरणाऱ्यातली नव्हती.

माणूस मनानं वाईट नव्हता, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. इथे ते म्हणवत नाही. मनात काय होतं ते कोणी पाहिलेलं नाही. बाहेर जे होतं ते हे असं होतं.

तेहेतीस वर्षं ते भिलाईच्या रेल मिलमध्ये तयार रूळ तपासत होते. रूळ थंड होऊन समोर आला की टॉर्च आडवा धरून, कमरेत वाकून, त्याच्या बाजूनं चालत जायचं. उजेड आडवा पडला की लोखंडावरची केसाएवढी चीरसुद्धा सावली टाकते. चीर दिसली की पिवळ्या रंगाची फुली मारायची. निकाल तीन असायचे: पास, रिजेक्ट आणि होल्ड. होल्ड म्हणजे मला ठरवता येत नाही, दुसऱ्यानं बघावं. पुंडलिकरावांच्या पाळीतल्या तपासनिसांनी आपसात एक रीत पाडून घेतली होती. जो होल्ड लावेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा, आणि वर ‘होल्डवाला’ म्हणून आठवडाभर ऐकून घ्यायचं. पुंडलिकरावांनी तो चहा तेहेतीस वर्षांत एकदाही पाजला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांची म्हणून एवढीच एक गोष्ट सांगितली गेली, आणि त्यांची छाती फुगली.

एक सल मात्र होता. त्यांनी पास केलेले रूळ देशभर अंथरले गेले होते, पण तपासनिसाचा तिथे फक्त नंबर असतो, नाव नसतं. त्यांच्या नावाचं जगात काहीच नव्हतं. क्वार्टरच्या दारावरची पाटी होती, पण तिच्यातही रंगाऱ्यानं आडनाव वाकडं काढलं म्हणून त्यांनी ती स्वतःच उतरवून ठेवली होती.

गीतांजली सव्वीस वर्षांची असताना हर्षलचं स्थळ आलं. माणसं गोंदियाकडची, मुलगा रेल्वेत, पोस्टिंग दुर्गला. गीतांजली आणि तो त्याआधी दोनदा भेटले होते आणि दोघांचं मनातून ठरलेलंच होतं. बघण्याचा कार्यक्रम नावापुरता. पोहे झाले, चहा झाला. हर्षल खुर्चीत मागे सरकला तशी त्याची पँट जरा वर गेली, आणि घोट्यावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसला.

“पँट वर करा जरा,” पुंडलिकराव म्हणाले.

खोलीत त्याचे आईवडील होते, मावशी होती. हर्षलला आधी कळलंच नाही. मग त्यानं पँट वर केली. पुंडलिकराव खुर्चीवरून उठले, कपाटातून टॉर्च काढला आणि त्या पोराच्या पायाशी वाकून त्यांनी उजेड आडवा धरला.

“काका, भाजलं होतं लहानपणी. गरम पाणी सांडलं,” हर्षल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“सगळे असंच सांगते,” पुंडलिकराव म्हणाले. “कोड हाय हे. आमाले जमणार नाई.”

कोड नव्हतंच. वर्षभरानं गोंदियाच्या एका ओळखीच्या डॉक्टरनं आपणहून सांगितलं की त्या पोराला त्यानंच तेव्हा मलम लावलं होतं. राधाबाईंनी हात जोडले, अजून त्याचं लग्न झालेलं नाही म्हणाल्या. पुंडलिकराव म्हणाले, “रिजेक्ट झालेला रूळ मी कधी पास केला का? मंग?” त्यानंतर आणखी अकरा स्थळं आली. एक दातांवरून गेलं, एक चालण्यावरून. मग स्थळं यायची थांबली. गीतांजली एका खासगी शाळेत फिजिक्स शिकवत राहिली, स्कूटीवर जात राहिली, येत राहिली, आणि एक्केचाळीस वर्षांची झाली.

निवृत्त झालेल्या तपासनिसाला रूळ नसले की तो घर तपासतो. भांड्यांवरचे ओघळ, कुंडीतली पिवळी पानं, गीतांजलीनं तपासलेल्या पेपरांतल्या राहून गेलेल्या चुका, काहीच सुटेना. शेवटी तिनं हात टेकले आणि स्वतःच्या सुटकेसाठी एक युक्ती काढली.

अवकाशात सोडलेली एक दुर्बीण सगळ्या आकाशाची पाहणी करत होती. एकेका तुकड्याचे लागोपाठ चार फोटो काढून पाठवायची. हेतू दूरच्या दीर्घिका बघण्याचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दुसरे समूह. फोटो इतके येत की बघायला शास्त्रज्ञ पुरे पडेनात, म्हणून परदेशातल्या एका विद्यापीठानं ते इंटरनेटवर जगातल्या कुणाही हौशी माणसाला बघायला खुले केले होते. फोटो साफ आहे की खराब, एवढं सांगायचं. गीतांजलीनं वडिलांचं नाव नोंदवलं आणि पडद्यावरची तीन बटणं समजावून दिली. पहिलं साफ. दुसरं खराब.

“अन् हे तिसरं?”

“काही वेगळं दिसलं, आपल्याला ठरवता आलं नाही, तर हे दाबायचं. खाली दोन शब्द लिहायचे काय दिसलं ते.”

“म्हणजे होल्ड.”

“हो. तसंच.”

पुंडलिकराव हसले. बऱ्याच वर्षांनी हसले. “ते आपल्या कामाचं नाई,” म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते बारा ते खुर्चीत. घरात शांतता आली. गीतांजलीला वाटलं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही.

पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पाण्याचा ग्लास ठेवायला ती त्यांच्या मागे गेली आणि पडद्याकडे बघत थांबली. चार फोटो शेजारी शेजारी होते. पहिल्यात एक बारीक पांढरी रेघ. दुसऱ्यात तीच रेघ, जरा पुढे. तिसऱ्यात आणखी पुढे. पुंडलिकरावांनी खराब दाबलं.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. फोटोतला दोष असता तर एकाच फोटोत असता. जी रेघ ठरावीक अंतरानं पुढे सरकते ती वस्तू असते. सूर्याभोवती फिरणारा एखादा दगड, लघुग्रह, दुर्बिणीसमोरून जाता जाता टिपला गेलेला. दीर्घिका बघणाऱ्याला तो आड येतो; दगड शोधणाऱ्याला तोच हवा असतो. तिसरं बटण त्यासाठीच होतं.

ती सांगणार होती. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात पुंडलिकराव मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. वरपासून खालपर्यंत, त्यांच्या सवयीनं. “कानापाशी पूर्ण पांढरे झाले तुझे केस,” म्हणाले. “रंग तरी लावत जा. आधीच कोणी पाहून नाई राहिलं.”

गीतांजलीनं तोंड मिटलं. ते पुढे चौदा महिने या विषयावर उघडलं नाही.

पहिल्यांदा राग होता. मग रागाची गोडी लागली, आणि हे तिला स्वतःला माहीत होतं. सकाळी चहा ठेवताना ती पडद्याकडे बघायची, रेघ दिसायची, बाबांचं बोट सराईतपणे खराबवर पडायचं, आणि तिला आत कुठेतरी थंड वाटायचं. रोज चुकताय, बाबा. रोज न थांबता चुकताय, आणि तुम्हाला सांगणारं या घरात एकच माणूस आहे.

दगडांचं मात्र तिला वाईट वाटे. त्यांचा काय गुन्हा? खराब ठरलेले फोटो फेकले जात नव्हते, एका बाजूला सगळ्यांना उघडे ठेवलेले असत. तिनं स्वतःच्या नावानं वेगळं खातं काढलं. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये तासभर बसून बाबांनी बाद केलेले फोटो ती परत काढायची, सरकणाऱ्या रेघा टिपून ठेवायची. त्याच विद्यापीठात लघुग्रहांवर काम करणारा एक गट होता. त्यांना तिनं पत्र लिहिलं, आणि चारच दिवसांत उत्तर आलं की बाई, आणखी पाठवा. ती पाठवत राहिली.

इकडे पुंडलिकरावांची चढती कमान होती. दीर्घिकांच्या बाबतीत त्यांची नजर खरोखरच अचूक होती. तज्ज्ञांच्या निकालाशी त्यांचा निकाल शंभरात शहाण्णव वेळा जुळायचा. म्हणून त्यांच्या एका मताला पाच मतांचं वजन मिळालं. एखाद्या फोटोवर दुसऱ्या चार माणसांनी तिसरं बटण दाबलं असलं तरी पुंडलिकरावांचं खराब त्यांना पुरून उरायचं, आणि फोटो बाजूला पडायचा. जगभरातल्या हौशी लोकांच्या यादीत ते तिसरे आले. कॉलनीत दूधवाल्यापासून सगळ्यांना हे माहीत झालं.

मग एक पत्र आलं. पुंडलिकरावांचं इंग्रजी जेमतेम, पण एवढं लागलं की आपण केलेल्या तपासणीला एका शोधनिबंधात महत्त्वाचं स्थान आहे आणि निबंध लवकरच छापून येतो आहे.

“माझं नाव छापून येऊन राहिलं,” त्यांनी सांगितलं. गीतांजलीनं त्यांचा आवाज असा कापताना कधी ऐकला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. त्यांनी उतरवून ठेवलेली पाटी बाहेर काढली, पुसली, आडनाव वाकडं होतं तरी दारावर लावली.

मराठी मंडळाचे अध्यक्ष अरुणकुमार नंदनवार, कारखान्यातले निवृत्त अधिकारी, सत्काराची संधी सोडणाऱ्यातले नव्हते. रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, आणि निबंधाचं जाहीर वाचन असं ठरलं. इंग्रजीतून मराठी करून वाचायला गीतांजलीच होती.

निबंध शुक्रवारी आला. तिनं तो स्टाफरूममध्ये वाचला, मग पुन्हा वाचला. घरी आली तेव्हा पुंडलिकराव सदऱ्याला इस्त्री करत होते.

“बाबा, आला तो निबंध. आधी घरी वाचून दाखवू का?”

“कावून?”

“तुम्ही ऐकून घेतलेला बरा.”

“तिथंच वाच. लोकाइसमोर,” ते म्हणाले. “मले बी पहिल्यांदा तिथंच आयकू दे.”

अजून एकदा विचारता आलं असतं. हात धरून खुर्चीवर बसवता आलं असतं. तिच्या मनात ते आलं, आणि इस्त्री केलेल्या सदऱ्याची कॉलर उजेडात धरून बघणारे बाबा बघत ती दारात उभी राहिली. विचारलं एकदा, ते पुरे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

रविवारी हॉलमध्ये साठेक माणसं होती. अरुणकुमारांनी भाषण केलं. “अपने भिलाई का आदमी आज दुनिया में तिसऱ्या नंबरवर आहे,” म्हणाले. शाल घातली गेली. पुंडलिकराव पहिल्या रांगेत येऊन बसले, मांडीवर नारळ धरून. गीतांजली माईकपाशी गेली आणि वाचू लागली.

सुरुवात छान होती. आकाशाची अशी एक पाहणी कितीजणांच्या कामी येते ते लिहिलं होतं. दुर्बीण पाठवली दीर्घिकांसाठी, पण त्याच फोटोंतून कोणी जवळच्या मंद ताऱ्यांची मोजदाद करतं, कोणी ताऱ्यांमधल्या धुळीचा नकाशा करतं, कोणी पृथ्वीच्या वाटेवर येणारे दगड शोधतं. आज ज्याचा उपयोग कुणाला सुचलेला नाही ते पन्नास वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाला लागेल. म्हणून एका कामाला जो कचरा आहे तो फेकण्याआधी दुसऱ्याला दाखवावा, हाच अशा पाहणीचा पहिला नियम. लोक माना डोलावत होते. पुंडलिकरावही.

“हा नियम मोडला तर काय होतं,” गीतांजलीनं पुढे वाचलं, “याचं उदाहरण म्हणून आम्ही एका स्वयंसेवकाचं काम तपासलं. त्यांनी चौदा महिन्यांत एकोणचाळीस हजार फोटो पाहिले. तिसरं बटण एकदाही दाबलं नाही.”

पुंडलिकरावांनी शेजाऱ्याकडे बघून मान हलवली. त्यांना ती शाबासकी वाटली.

तिला थांबता आलं असतं. माईक खराब आहे म्हणता आलं असतं, दोन परिच्छेद गाळता आले असते. साठातल्या एकालाही कळलं नसतं. तिनं पान उलटलं आणि शब्दाला शब्द वाचत गेली. त्या स्वयंसेवकाच्या मताला वजन जास्त असल्यामुळे दोनशे बारा लघुग्रहांचे फोटो बाद झाले. बहुतेक पुढे हाती लागले. एकोणीस दगड मात्र वेळेत कळले असते तर जमिनीवरच्या दुर्बिणींनी त्यांचा माग काढला असता; आता ते कुठे आहेत ते कुणाला सांगता येणार नाही. चूक नजरेची नव्हती. नजर उत्तम होती. आपल्याला कळत नाही असं एकदाही न म्हणणाऱ्या माणसाच्या हाती इतकं वजन देणं ही आमची चूक. त्यांना कमीपणा येऊ नये म्हणून आम्ही त्यांचं नाव देत नाही.

 मागच्या रांगेत कुणीतरी हळूच हसलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. तिसरं बटण न दाबणारा तो स्वयंसेवक कोण, हे कळायला आता नाव लागत नव्हतं.

गीतांजली कागद घडी करून खाली उतरायला लागली. अरुणकुमारांनी सावरून घ्यायचं म्हणून तो तिच्या हातातून घेतला, काहीतरी चांगलं सापडेल म्हणून शेवटचं पान चाळलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. “अरे, इकडे बघा, आभार मानलेत,” ते माईकवर म्हणाले. “बाद झालेले फोटो पुन्हा तपासून यातले एकशे त्र्याण्णव लघुग्रह ज्यांनी आमच्या लक्षात आणून दिले, त्या भिलाईच्या शिक्षिका गीतांजली गभणे. आपली गीतांजली!”

टाळ्या सुटल्या. लोकांना टाळ्या वाजवायला काहीतरी हवंच होतं. गभणे हे आडनाव छापून आलं होतं, वाकडं नाही, सरळ. पुंडलिकरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हातात नारळ होता.

घरी आल्यावर पुंडलिकरावांनी शाल काढून घडी केली, कडेला कडा जुळवून. मग विचारलं, “तुले कधी समजलं?”

“पाचव्या दिवशी.”

“अन् सांगतलं नाई.”

“नाही.”

“कावून?”

गीतांजलीकडे पंधरा वर्षांची उत्तरं होती.  ती म्हणाली, “जेवायला वाढते.”

त्या दिवशी त्यांनी पोळी उजेडात धरली नाही. ती काळी होती की गोरी ते न बघता खाल्ली. गीतांजलीला वाटलं होतं, हे पाहून आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. म्हातारा बाप मान खाली घालून जेवताना दिसला, बस.

महिनाभर खुर्ची रिकामी होती. मग एका सकाळी सातला पुंडलिकराव पुन्हा जाऊन बसले. आता मात्र काम वेगळं चाललं. एकेका फोटोवर दहा-दहा मिनिटं. चारही फोटो पुढेमागे करून बघायचे. रेघ दिसली की तिसरं बटण, आणि खाली मोडक्या इंग्रजीत, गीतांजलीची जुनी डिक्शनरी मांडीवर घेऊन, दोन ओळी: ही रेघ सरकते आहे, मला नक्की सांगता येत नाही, कृपया कोणीतरी बघावं. एकाहत्तर वर्षांचा माणूस ‘मला सांगता येत नाही’ हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होता, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून तिला हाक मारत होता.

त्याच आठवड्यात गीतांजलीला विद्यापीठाचं पत्र आलं. तुमच्या वडिलांना वाईट वाटू नये म्हणून हे तुम्हाला कळवतो आहोत, असं त्यात होतं. निबंधानंतर त्यांच्या मताचं वजन शून्य केलं आहे. त्यांचे निकाल आणि त्यांनी लिहिलेल्या ओळी यापुढे कोणाकडे जाणार नाहीत. त्यांना फोटो दिसत राहतील. आनंदासाठी हवं तेवढं बघू द्यावं.

तिनं उलट पत्र लिहिलं. आता ते बदललेत, म्हणून लिहिलं. विनवणी केली. उत्तर नम्र होतं आणि नाही असं होतं. एकदा बाद केलेलं खातं पुन्हा चालू करायची सोय नव्हती.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी तिला बोलावलं. पडद्यावर एक बारीक रेघ होती, इतकी फिकट की तिला स्वतःला दिसायला वेळ लागला. त्यांना दिसली होती. खाली त्यांनी पाच ओळी लिहिल्या होत्या, एकही चूक नव्हती.

“हा नवाच दगड वाटून राहिला,” ते म्हणाले. “कोणी पाह्यला नसन.” मग बटण दाबलं. फोटो गेला, दुसरा आला. त्यांनी चष्मा पुसला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, “आता तरी धरते ना थे लोक माझं?”

“धरतात, बाबा,” गीतांजली म्हणाली.

“मंग ठीक हाय,” म्हणून त्यांनी पुढचा फोटो उघडला, आणि ती स्कूटीची चावी घेऊन शाळेत गेली.